युनोस रोडस्टरचं जुनं इंजिन: खोलायच्या आधी काय बघायचं

तुमची अडचण थोडक्यात अशी. लेस्टरला तुमच्या घरासमोर १९९१ची मझदा युनोस रोडस्टर उभी आहे. म्हणजे आपण ज्याला एमएक्स-५ म्हणतो तीच, जपानहून आयात केलेली. इंजिन १.६ लिटरचं, मीटरवर १,४२,००० किलोमीटर. तक्रारी तीन. सकाळी सुरू केलं की इंजिनाच्या वरच्या भागातून टकटक येते आणि थोड्या वेळानं थांबते. चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास गाडी हिसके मारते. आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्याखाली रोज ऑइलचे दोन-चार थेंब पडतात. एका गॅरेजनं मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, तर त्यातच इंजिनही खोलून घ्या असं सांगितलं. खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या जवळ गेला. तुम्ही विचारताय, इंजिन खोलावं का?

आत्ता नाही. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही लक्षणांमागे माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा किरकोळ कारणं निघतात: एक रबराची रिंग, प्लगच्या वायरी आणि वेळेवर न बदललेलं ऑइल. उरलेल्या दोन वेळांसाठी मोजमाप करावं लागतं, आणि ते घरी होतं. मात्र तुमच्या सालच्या इंजिनात एक जागा अशी आहे जिथे निष्काळजीपणे पाना लावला तर चांगलं इंजिन खराब होतं. ती सविस्तर सांगतो.

मी कोव्हेंट्रीत राहतो आणि सतरा वर्षं याच गाड्यांवर काम करतोय. हात मात्र कोल्हापूरच्या उद्यमनगरात बसला, मामाच्या गॅरेजमध्ये, प्रीमियर पद्मिनीवर. मामा गाडी आली की पाना उचलायचा नाही. आधी गाडी सुरू करायला लावायचा आणि रेडिएटरपाशी उभं राहून नुसतं ऐकायचा. पद्मिनीचं १,०८९ सीसीचं इंजिन आणि मझदाचं १,५९७ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन यांत काही नातं नाही, पण ऐकायची ती सवय आजही उपयोगी पडते.

हे इंजिन मुळात चिवट आहे. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा दाखवली, त्याच वर्षी जपानात ती युनोस नावानं विकायला लागली. इंजिन मझदाच्याच ३२३ या घरगुती गाडीच्या घराण्यातलं: ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, वर व्हॉल्व्ह उघडणारे दोन दांडे, म्हणजे कॅमशाफ्ट. हे कॅमशाफ्ट फिरवणारा रबरी पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट, तुटला तरी या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. गाडी रस्त्यात बंद पडते, पण इंजिन वाचतं. ऑइल आणि पाणी सांभाळलेलं इंजिन दीड लाखाला म्हातारं होत नाही. म्हणून १,४२,००० हा आकडा ओव्हरहॉलचं कारण म्हणून कुणी पुढे केला तर मानू नका.

पहिल्या दिवशी काहीच उघडू नका. बॉनेट उचला आणि वाचा. जपानी गॅरेजवाले टायमिंग बेल्ट बदलला की बहुधा बॉनेटखाली एक छोटं स्टिकर लावतात, त्यावर तारीख आणि किलोमीटर असतात. साल जपानी हेसेई पद्धतीचं असेल तर त्यात १९८८ मिळवायचे, म्हणजे हेसेई १२ म्हणजे २०००. स्टिकर सापडलं तरी बेल्टचं वय मोजा. रबर किलोमीटरनं जातं तसं वर्षांनीही जातं. पुरावा नसेल तर बेल्ट बदलायचाच आहे असं धरून चाला, पण ते काम शेवटी.

मग मागच्या एमओटीच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या गाडीच्या सक्तीच्या तपासणीच्या वेळची धुराच्या तपासणीची चिठ्ठी शोधा. १ ऑगस्ट १९९२ पूर्वीच्या गाडीला मर्यादा सैल आहे: कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के, हायड्रोकार्बन १,२०० पीपीएम. त्यामुळे गाडी पास झालेली असते आणि चिठ्ठी कुणी वाचत नाही. तुम्ही वाचा. मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन फार जास्त असेल तर पेट्रोल न जळता बाहेर पडतंय, म्हणजे एखादा सिलेंडर मिस होतोय. मोनॉक्साइडच जास्त असेल तर पेट्रोलचं प्रमाण जादा आहे. फुकटात मिळालेला हा पुरावा आहे.

बॅटरी डिकीत आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन सुरू असताना १४च्या थोडं वर दिसायला हवं. कमी असेल तर आधी ते नीट करा. अशक्त बॅटरीवर केलेल्या कुठल्याच तपासणीवर विश्वास ठेवता येत नाही.

आता ऑइलची गळती. गॅरेजला दोष देत नाही, कारण खालून बघितलं तर ती मागच्या सीलचीच वाटते. पण या इंजिनाच्या हेडच्या अगदी मागच्या टोकाला, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) तोंड करून, कॅम अँगल सेन्सर बसवलेला आहे. कॅमशाफ्टचं टोक त्याला फिरवतं आणि इंजिन कुठल्या क्षणी कुठे आहे हे तो कंप्युटरला सांगतो. त्याच्या मानेवर एक रबरी ओ-रिंग असते. तीस वर्षं गरम हेडला चिकटून राहिल्यावर ती रिंग प्लास्टिकसारखी टणक होते. मी काढलेल्या रिंगा बोटांनी वाकवल्या की कट् करून तुटतात, गोलाकारही उरलेला नसतो, एका बाजूनं चपट्या. तिथून झिरपलेलं ऑइल हेडच्या पाठीवरून खाली उतरतं, गिअरबॉक्सच्या कवचावर येतं आणि नेमकं सांध्यातून टपकतं. वाटेत हीटरचा पाइप लागतो, तो ऑइलनं फुगून मऊ पडतो. या पाइपाला हात लावून बघा. चिकट लागला तर ऑइल वरूनच येतंय, कारण खालच्या सीलचं ऑइल तिथवर चढू शकत नाही.

खात्री अशी करा. इंजिन थंड असताना हेडची मागची बाजू आणि गिअरबॉक्सचं कवच ब्रेक क्लीनर मारून कोरडं पुसा. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून या. मग मोबाइलचा कॅमेरा सुरू करून हेडच्या मागे हात घाला आणि फोटो काढा. डोळा जात नाही तिथे मोबाइल जातो. सेन्सरच्या खाली ताजी ओली रेघ दिसली तर काम झालं. वर सगळं कोरडं आणि फक्त खालचा सांधा ओला असेल तर मागच्या सीलचा विचार करायचा. थेंब बोटावर घेऊन वासही घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला नसतो. पाण्यासारखा पातळ द्रव असेल तर तो क्लचच्या खालच्या सिलेंडरचा ब्रेक ऑइल आहे. या गाडीत तो सिलेंडर हमखास गळतो.

रिंग बदलायला सेन्सरचा एकच बारा नंबरचा बोल्ट काढायचा. जागा अडचणीची आहे, हात आंधळेपणानं चालवावा लागतो, पण काम तासाभराचं. बोल्ट सैल करण्याआधी सेन्सरचं अंग आणि हेड यांच्यावर मिळून एक आडवी रेघ मारून ठेवा. नेलपॉलिश चालतं. सेन्सर थोडा जरी फिरला तरी इग्निशनचं टायमिंग बदलतं, आणि ती रेघ तुम्हाला परत मूळ जागी आणते. आत जाणारी जीभ मध्यावर नसते, म्हणून सेन्सर एकाच पद्धतीनं बसतो. बसत नसेल तर जोर लावू नका, थोडा फिरवून घ्या. नव्या रिंगेला इंजिन ऑइल चोळा. कॅम कव्हरचं गास्केटही मागच्या कोपऱ्यांत गळतं. ते बदललंत तर बोल्ट ५ ते ९ न्यूटन-मीटर एवढेच आवळायचे, मनगटाच्या जोरावर. तिथले आटे ॲल्युमिनियमचे आहेत, मेले की परत येत नाहीत.

रिंग बदलली की टायमिंग तपासायचं, आणि इथेच तुमच्या दुसऱ्या तक्रारीचा धागा लागतो. बॉनेटखाली ‘डायग्नोसिस’ लिहिलेली छोटी डबी आहे. झाकणाच्या आत टोकांची नावं छापलेली असतात. टीईएन आणि जीएनडी ही दोन टोकं वायरच्या तुकड्यानं जोडायची. असं केल्यावर कंप्युटर टायमिंगमध्ये लुडबूड करायचं थांबवतो. इंजिन पूर्ण गरम, दिवे-पंखे बंद, आयडलिंग ८५०च्या आसपास. टायमिंग लाइटचा चिमटा पहिल्या सिलेंडरच्या वायरला लावा आणि पुढच्या पुलीवर प्रकाश टाका. खूण १० अंशांच्या रेघेसमोर उभी दिसायला हवी. ती कुठे आहे यापेक्षा ती स्थिर आहे का, हे जास्त लक्ष देऊन बघा. थरथरत असेल, पुढे-मागे उड्या मारत असेल, तर तिथेच थांबा आणि क्रँकबद्दल पुढे लिहिलंय ते वाचून मगच काहीतरी करा.

आता हिसके. आयडलिंग नीट, हळू चालवलं तर नीट, पण चढावर दाबलं की मिस: हे प्लगच्या वायरींचं अगदी ठळक लक्षण. कारण साधं आहे. सिलेंडरमध्ये हवा जितकी जास्त भरते तितका दाब वाढतो, आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. वायरीचं रबर आतून फाटलेलं असेल तर विजेला प्लगपेक्षा तो फाटका रस्ता सोपा पडतो. ती तिथूनच हेडला उतरते. ॲक्सिलरेटर सोडला की दाब कमी होतो आणि सगळं पुन्हा सुरळीत.

माझी पहिली रोडस्टर १९९०ची होती, आणि तिला हाच आजार होता. मी चार महिने सुटे भाग बदलत राहिलो. ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोल पंप, वापरलेला हवेचा मीटर. पैसे गेले, हिसके तसेच. जानेवारीतल्या एका संध्याकाळी बॉनेट उघडून बसलो होतो, इंजिन सुरू होतं, बायको टॉर्च धरून उभी होती. तिला थंडी वाजायला लागली म्हणून तिनं टॉर्च बंद केला. डोळे अंधाराला सरावले आणि हेडच्या कडेला निळा, केसाएवढा धागा लुकलुकताना दिसला. चौथ्या सिलेंडरच्या वायरीतून हेडवर, अगदी बारीक चट्-चट् आवाज करत. मी थोडा वेग वाढवला तसे दोन धागे झाले. दुसऱ्या दिवशी वायरींचा नवा संच घातला आणि गाडी चढावर कापसासारखी चालली. तेव्हापासून मिस मारणारी गाडी आली की मी आधी अंधार पडायची वाट बघतो.

तुम्हीही तेच करा. वायरींवर स्प्रेच्या बाटलीनं पाण्याचं धुकं मारलं तर ठिणग्या आणखी स्पष्ट दिसतात. त्या वेळी वायरीला हात लावायचा नाही, पंखा आणि पट्ट्यांपासून बाही लांब ठेवायची. मग इंजिन बंद करून वायरी काढा आणि मल्टीमीटरनं रोध मोजा. लांब वायरीचा जास्त, आखूड वायरीचा कमी, असा लांबीच्या प्रमाणात यायला हवा. मोजताना वायर वाकवत राहा. एखादीचा आकडा वाकवल्यावर उडत असेल तर ती गेली.

प्लग काढून ओळीनं मांडा, कुठला कुठल्या सिलेंडरचा ते लिहून. पांढऱ्या चिनी मातीच्या भागावर पेन्सिलीनं मारल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर वीज प्लगच्या बाहेरून उतरत होती. पुसली जात नाही ती, आणि नव्या वायरीच्या टोपीलाही तोच रोग लावते, म्हणून प्लग आणि वायरी एकत्रच बदला. मी एनजीकेचे बीकेआर६ई-११ वापरतो, फट १.१ मिलिमीटर. प्लग थंड हेडमध्येच घाला, आधी रबरी नळीच्या तुकड्यानं हातानं फिरवत, मग १५ ते २३ न्यूटन-मीटर.

या गाडीत दोनच कॉइल आहेत, त्याही हेडच्या मागे. एक कॉइल पहिल्या आणि चौथ्याला एकाच वेळी ठिणगी देते, दुसरी दुसऱ्या आणि तिसऱ्याला. याचा उपयोग करा. एकच सिलेंडर मिस होत असेल तर वायर किंवा प्लग. १ आणि ४ किंवा २ आणि ३ अशी जोडी मिळून मिस होत असेल तर कॉइल किंवा तिचं वायरिंग. ज्या वेळी मी हे शिकलो त्या वेळेपासून मी कॉइल उगाच बदललेली नाही.

वायरी नीट निघाल्या तर हवेकडे वळा. १.६च्या इंजिनात हवा मोजायला झडपेचा मीटर आहे. हवेनं झडप जितकी उघडते त्यावर कंप्युटर पेट्रोल ठरवतो. मीटरच्या पुढे कुठूनही चोरून हवा शिरली तर ती मोजली जात नाही आणि पेट्रोल कमी पडतं. मीटर आणि थ्रॉटलमधला जाड घडीदार रबरी नळ हातानं ताणून, उलटून, खालच्या घड्यांमध्ये बघा. भेगा नेहमी खालून पडतात. एक सोपी परीक्षा: गरम इंजिन आयडलिंगला असताना ऑइल भरायचं झाकण काढा. इंजिन लगेच अडखळायला हवं, कारण तुम्ही न मोजलेली हवा आत सोडलीत. काहीच फरक पडला नाही, तर हवा आधीच दुसरीकडून शिरतेय. सगळे छोटे व्हॅक्यूम पाइप आणि ब्रेक बूस्टरचा पाइप एकेक करून तपासा.

बाजारात मिळणारा स्वस्त ओबीडी-२ स्कॅनर (नव्या गाड्यांचे दोष-क्रमांक वाचणारं यंत्र) तुमच्या १९९१च्या गाडीला चालत नाही, तो घेऊ नका. दोष-क्रमांक त्याच डायग्नोसिस डबीतून दिव्याच्या उघडझापीनं वाचायचे असतात. ०२ आणि ०३ कॅम अँगल सेन्सरचे, ०८ हवेच्या मीटरचा, ०९ पाण्याच्या तापमानाचा, १५ आणि १७ ऑक्सिजन सेन्सरचे. पण फाटलेली वायर कुठलाच क्रमांक दाखवत नाही. क्रमांक आला नाही म्हणून इग्निशन ठीक आहे असं समजू नका.

पेट्रोलचा फिल्टर मागे, गाडीच्या खाली असतो. इतिहास माहीत नसेल तर बदलून टाका. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमधलं साधं पेट्रोल ई-१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, झालंय. तीस वर्षांच्या रबरी पाइपांसाठी मी सुपर ग्रेडचं ई-५च भरतो.

टकटकीबद्दल मात्र निर्धास्त राहा. या इंजिनात कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधले टॅपेट हायड्रॉलिक आहेत, म्हणजे फट भरून काढायचं काम आतलं ऑइल करतं. रात्रभरात एखाद्या टॅपेटमधलं ऑइल उतरलं, किंवा काजळीनं त्याचं बारीक भोक अडलं, की सुरुवातीला तो वाजतो. दोन-पाच मिनिटांत थांबत असेल तर तो आजार नाही. वाजणं लांबत चाललं तर ऑइल बदला, आणि पुढचा बदलही लवकर करा. मी ५डब्ल्यू-३० भरतो आणि दर ५,००० किलोमीटरना फिल्टरसकट बदलतो. आवाज दाबायला जाड ऑइल घालू नका. थंडीत ते टॅपेटपर्यंत उशिरा पोचतं आणि टकटक वाढते. फिल्टर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली लपलेला आहे. पुढचं उजवं चाक काढून त्या बाजूनं हात घातला तर सोपा पडतो. गाडी जॅकवर असताना तिच्याखाली जायचं नाही, स्टँड लावूनच.

काळजी करायचा आवाज वेगळा असतो. तो टकटक नसतो, ठोका असतो. खालून येतो, इंजिन गरम झाल्यावर वाढतो आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर जड होतो. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाशी आणि टोक कॅम कव्हरवर, मग ऑइल सम्पजवळ ब्लॉकवर धरून बघा. फरक पहिल्याच वेळी कळेल. तुमच्या गाडीत ऑइल प्रेशरचा काटाही खरा आहे. १९९४ पर्यंतच्या गाड्यांना तो प्रत्यक्ष दाब दाखवतो, नंतरच्या गाड्यांत काटा नुसताच वर जाऊन उभा राहतो. गरम इंजिनावर वेग वाढवला की काटा चढायला आणि सोडल्यावर उतरायला हवा.

आता क्रँक, म्हणजे क्रँकशाफ्ट, पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा. १९८९, १९९० आणि १९९१च्या सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड आहे. त्यावर पुली बसते, आणि पुली फिरू नये म्हणून शाफ्टच्या खाचेत एक छोटी चावी असते. सगळं मिळून एकाच बोल्टनं आवळलेलं. मागे कुणी टायमिंग बेल्ट किंवा पुढचं सील बदलताना तो बोल्ट नीट आवळला नसेल, तर प्रत्येक ठिणगीबरोबर चावी खाचेत किंचित हलते. हजारो किलोमीटरनंतर खाच रुंद होते, पुली डोलायला लागते, टायमिंग घसरतं आणि इंजिनाची ताकद जाते. शेवटी क्रँकशाफ्टच निकामी.

ओळखायचं कसं? पुढच्या पुलीकडे समोरून टॉर्च मारून बघा. तिच्या तोंडावर चार खाचा दिसल्या तर आखूड टोकाचं इंजिन, आठ दिसल्या तर नंतरचं लांब टोकाचं. चार असतील तर आयडलिंगला पुलीची कड बाजूनं न्याहाळा, पाठीमागे एखादी स्थिर वस्तू धरून. कड सरळ फिरायला हवी. डोलत असेल, किंवा टायमिंगची खूण उड्या मारत असेल, तर गाडी चालवायची बंद करा. सुरुवातीची झीज असेल तर नवी चावी, नवा बोल्ट आणि धातू जोडणारा लॉकटाइट वापरून वाचवता येते. मी अशा दोन गाड्या वाचवल्यात, दोन्ही अजून चालतात. पण खाच फार खाल्लेली असेल तर दुसरं इंजिन शोधणं बरं.

पुली स्थिर असेल तर तो बोल्ट उगाच सैल करू नका. कधी काढावाच लागला तर बोल्ट नवा, चावी नवी, बसायची तोंडं तेल-धूळ नसलेली स्वच्छ, आणि आखूड टोकाला १०८ ते ११८ न्यूटन-मीटर, लांब टोकाला १५७ ते १६७. हा आकडा टॉर्क पान्यावरच बघायचा. एअर गन लावणाऱ्या माणसाच्या हातात हे इंजिन देऊ नका, मग तो कितीही अनुभवी असो. तुम्हाला गिअरबॉक्स उतरवायचा सल्ला देणाऱ्यानं पुलीच्या खाचा मोजल्या होत्या का, हे मला जाणून घ्यायला आवडेल, कारण या सालच्या गाडीत सगळ्यात आधी बघायची गोष्ट तीच आहे.

कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब, शेवटी मोजा, कारण ओव्हरहॉलचा निर्णय त्याच आकड्यांवर व्हायला हवा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर. कॅम अँगल सेन्सरचं कनेक्टर काढा. त्यानं ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकदम बंद होतात. कुणाला तरी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला सांगा आणि स्टार्टर पाच-सहा फेरे मारा. नव्या इंजिनाचा आकडा १९२ पीएसआय, खालची मर्यादा १३५. चौघांतला फरक २८च्या आत हवा. एखादा कमी आला तर त्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन मिळून कमी असतील तर हेड गास्केट. स्वस्त गेज पाच-दहा पीएसआय इकडेतिकडे दाखवतं, म्हणून एकेका आकड्यापेक्षा चौघांची आपसातली तुलना बघा.

एवढं बघताना रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी कुठल्या रंगाची आहे तेही बघून ठेवा. नवी काळी असते. पिवळट-तपकिरी झाली असेल तर ती पुढच्या उन्हाळ्याची वाट न बघता फुटेल, आणि एकदा ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकलं की मी वर लिहिलेलं सगळं बाजूला राहतं. रेडिएटर, थर्मोस्टॅट, दोन्ही मोठे पाइप आणि कुलंट हे एकदम बदला. मग टायमिंग बेल्टचं काम काढाल तेव्हा वॉटर पंपही बदलून घ्या, कारण तो बाहेरच्या पट्ट्यावर फिरत असला तरी टायमिंग बेल्ट काढल्याशिवाय निघत नाही, आणि वेगळा बदलायचा तर सगळं पुन्हा उघडावं लागतं. बेल्ट बसवल्यावर दोन कॅम पुल्यांवरच्या ‘आय’ आणि ‘ई’ या खुणांमध्ये बेल्टचे १९ दाते मोजा, क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा आणि पुन्हा मोजा.

या शनिवारी पुलीच्या खाचा मोजा आणि हीटरच्या पाइपाला हात लावून बघा. अंधार पडला की वायरी. रविवारी कॉम्प्रेशन. चारही आकडे, खाचांची संख्या आणि हेडच्या मागचा फोटो मला पाठवा, आणि तोवर त्या गॅरेजला होकार देऊ नका.